आमसुलाच्या पाण्याचा रंग

दिवसभर मी दुसऱ्यांच्या लघवीचे रंग वाचते,
वास्कोच्या लॅबमध्ये, बाजारावरच्या पहिल्या मजल्यावर.
रात्री घरी, आमच्या टाकीचा.

एक मिलिलिटर पाणी, चार थेंब, चिमुकला चमचाभर पूड.
तीस सेकंद हलवायचं, तीन मिनिटं थांबायचं.
पांढऱ्या कार्डावर बाटली ठेवली
की आमसूल भिजत घातल्यासारखा रंग चढत जातो.
फिकट असला तर नायट्रेट पाच, फार तर दहा.
फेब्रुवारीत आला तो सरळ आगळ होता.
ऐंशी.

पोवळी तपकिरी पडली.
जे हिरवं होतं, बारच्या पाटीसारखं,
ते चहाच्या गाळासारखं दिसू लागलं.
जांभळ्याने तर मूठच मिटली.

रेमेदियो म्हणाला, जिवाणूंना थोडी पाजावी लागते,
प्याले की नायट्रेट खातात.
बाहेरचे लोक वोदका घालतात, थेंब मोजून.
आपल्याकडे फेणी असताना वोदका कशाला?
आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला
की खालचं कुत्रं भुंकायला लागलं.
मी विनेगर घातलं. माडाचं नव्हे, साधं, पांढरं,
अर्ध्या मिलिलिटरपासून.

वाळू नळीने उपसली. स्पंज पिळला.
दर रविवारी पंचवीस लिटर बदललं.
समुद्र सात मिनिटांवर, आणि मी
फिल्टरच्या पाण्यात पाकिटातलं मीठ ढवळून
बादलीत समुद्र करते,
हे कळल्यावर नुस्तेवाली कुस्तोदिया
सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली.
पण किनाऱ्याच्या लाटेत काय काय असतं
ते मला, लॅबवालीला, विचारू नका.

पन्नास.
मग पुन्हा पंच्याहत्तर.
दोन मासे, सकाळी एक चिमूट खाणं.
एवढं येतं कुठून?

एका मंगळवारी वीज गेली, लॅब लवकर सुटली.
पपा टाकीसमोर उभे.
डबी उघडली, चिमूट टाकली, झाकण लावलं,
खुर्चीत बसले, पेपरचं पान उलटलं.
उठले.
डबी उघडली.
"उपाशीं आसात गो बिचारीं," मला म्हणाले.

मुरगाव बंदरावर एकतीस वर्षं क्रेन चालवली या माणसाने.
बकेटमध्ये किती खनिज आलं
ते दोरखंडाच्या कुरकुरण्यावरून सांगायचे.

मी खडकामागे बॅटरी मारली.
न खाल्लेल्या दाण्यांचा मऊ, करडा ढीग.
पाण्याने मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं
आणि मी पाण्यालाच औषध देत बसले.

गोळ्यांच्या, सात खणांच्या, दोन डब्या आणल्या.
एक पपांची. एक माशांची.
खण रिकामा म्हणजे जेवण झालं.
कधी कधी मंगळवारीच गुरुवार उघडतात.
बुधवार मग मी गुपचूप लपवते.

खालच्या छोट्या टाकीत हिरव्या शेवाळाचा गुंता आहे,
रात्रभर दिव्याखाली नायट्रेट पिऊन फुगणारा.
तो आता पपा कापतात, रविवारी, शिवणाच्या कात्रीने.
पिळून तळहातावर धरतात, डोळे मिटतात.
"एकशें चाळीस."
मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते.
एकशे अडतीस.
"तुजो कांटो बरो ना," म्हणतात.

काल पंचवीस. सोलकढीहून फिकट.
जांभळ्याने मूठ सोडलीय, एकाच बाजूने.

रात्री टाकीचा दिवा मालवला
की आतल्या खोलीतून येतंच,
"नुस्त्यांक जेवण घाल्लें गो?"
घाल्लें, पपा.
पंप चालू असतो. पाणी वर जातं, खाली येतं.
"गो, नुस्त्यांक?"
घाल्लें.